खरी व पहिली शोधक

सानिका लांजेवारच्या नावावर नऊ हजारांच्या वर शोध होते, आणि त्यांतला एकही तिने हाताने करून पाहिलेला नव्हता.

हे ती कुणापासून लपवत नसे. कुणी विचारलंच तर हसून सांगायची, आमच्या धंद्यात हात मळवायचे नसतात. बाणेरच्या टेकडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या 'मेधाविनी' कंपनीच्या पाचव्या मजल्यावर तिच्यासारखे साठेक लोक बसत. कुणी रसायनशास्त्रातले, कुणी यंत्रशास्त्रातले, पण सगळ्यांचं पद एकच होतं: शोधक.

कंपनीचं खरं डोकं म्हणजे 'धांडोळा'. तळमजल्याच्या खाली थंड खोल्यांमध्ये घोंघावणारी संगणकांची एक लांबच लांब रांग. तिला अडचण सांगायची: लोखंडाचा गंज थांबवायचा आहे, पाण्यातला अमुक क्षार काढायचा आहे. मग धांडोळा अणूंची मांडणी बदलून बदलून पाही, कुठल्या पृष्ठभागावर कुठला कण किती घट्ट बसेल ते गणिताने काढी, आणि माणसाला सात जन्म पुरणार नाहीत एवढ्या मांडण्या एका दुपारी तपासून मोकळा होई. तिथवर सगळं कौतुकाचंच होतं. पण मग यंत्राचा दुसरा भाग जागा होई आणि सापडलेल्या मांडणीभोवती शब्दांचं कुंपण घालायला लागे. एका धातूने भागत असलं तरी तो बारा धातूंची नावं लिही. पाचशे अंशांवर भाजायचं असलं तर 'तीनशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान' असं लिही. पुढेमागे कुणी त्या वाटेने आलंच, तर त्याचा पाय अडकलाच पाहिजे.

खोट एकच होती. कायद्याच्या लेखी यंत्र शोधक होऊ शकत नव्हतं, अर्जावर माणसाचंच नाव लागे. नव्या नियमांनी एवढीच सवलत दिली होती, की यंत्राच्या मदतीने लागलेल्या शोधात माणसाने 'निर्णायक निवड' केलेली असेल, तर तो माणूस शोधक धरावा. म्हणून धांडोळा वाटेत एका जागी मुद्दाम थांबे आणि पडद्यावर तीन हिरवे चौकोन दाखवी. सानिकाने त्यांतल्या एकावर बोट ठेवलं की खाली ओळ उमटे: 'या शोधाची खरी व पहिली शोधक मीच आहे, असे मी प्रतिज्ञेवर सांगते.' त्यावर अंगठा. चहा निवायच्या आत चार-पाच शोध लागून जात.

भंडाऱ्याला तिचे बाबा आयटीआयमधल्या शिक्षकीतून निवृत्त होऊन बसले होते. लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, जिथे भेटेल तिथे ते माणसाला थांबवून सांगत, "आमची पोरगी शोधक आहे पुण्याला." सानिकाने त्यांना कधी थांबवलं नव्हतं.

मार्चमधल्या एका दुपारी तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून बाईचा आवाज आला, "सानिका लांजेवार बोलतेय का? नागपूरला एम.एस्सी. केलेली, भंडाऱ्याची?"

"हो. कोण?"

"रोशनी आत्राम."

सानिका खुर्चीतच सरळ झाली. दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या त्या दोघी. रोशनी पांढरकवड्याकडची. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते आणि हसताना ती तोंडावर हात धरायची. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहान मुलांच्या दातांवर ते आधी दिसतं, मग हाडांत उतरतं, आणि चाळिशीत माणसाचा कणा लाकडासारखा ताठ होतो. एम.एस्सी.नंतर रोशनी डॉक्टरेट करून गावाकडे परतली, एवढं सानिकाला कळलं होतं. पुढे संबंध राहिला नव्हता.

"रोशनी! अगं, किती वर्षांनी..."

"पेटंटवर नाव तुझंच आहे ना?" रोशनीचा आवाज सपाट होता. "पाण्यातलं फ्लोराइड काढणारे भाजलेले दाणे. लोह, ॲल्युमिनियम, आणखी दहा धातू. आजवर मी कंपनीचंच नाव पाहत होती. आज वकिलांनी मागचे कागद उलगडून दाखवले. शोधक, सानिका लांजेवार."

"मला बघावं लागेल."

"बघावं लागेल?" रोशनी थांबली. "नऊ वर्षं मी भट्टीपुढे बसली, बाई. तुमच्या कंपनीनं कोर्टातून मनाई आणली, माझी भट्टी बंद आहे पाच महिन्यांपासून. चाळीस गावांतली गाळणी थांबली. आणि तुले आठवतही नाही?"

फोन बंद झाला.

सानिकाने स्वतःचंच नाव घालून शोधलं. सापडलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी तिने तो शोध लावला होता. तीन चौकोनांपैकी मधला. त्या दिवशी तिने असे किती लावले होते ते पाहून तिने पडदा बंद केला.

फोनचं तिने शेजारच्या टेबलावर बोलून दाखवलं होतं; दुसऱ्याच दिवशी पराग शिरोडकरांनी तिला बोलावलं. ते कंपनीचा कायदेविभाग सांभाळत. आवाज कधी चढवायचे नाहीत, समोरच्याला आधी पाणी विचारायचे.

"आत्राम बाई तुझ्या मैत्रीण निघाल्या म्हणे. बरंच झालं," ते म्हणाले. "आपल्याला काही कुणाची भट्टी विझवायची हौस नाही. त्यांना आयुष्यभराचा परवाना फुकट देऊ. त्यांनी एवढंच लिहून द्यायचं, की मूळ शोध तुझा आहे आणि त्या तो आपल्या परवानगीने वापरतायत. पेटंट रद्द करा म्हणून त्यांनी जो अर्ज केलाय, तो मागे घ्यायचा. त्यांची भट्टी उद्या पेटेल. तू गेलीस तर त्या ऐकतील."

सानिकाला मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. गाळणी सुरू होतील, मैत्रीणही राहील. ती त्याच आठवड्यात निघाली.

पांढरकवड्याहून आत, रोशनीच्या गावाच्या, पिंपळदऱ्याच्या वेशीवर पत्र्याची शेड होती. शेडमागे विटांची भट्टी, तिच्या तोंडावर कोर्टाच्या माणसाने लावलेलं सील. रोशनी आता अंगाने भरली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. तिने सानिकाला बसायला खुर्ची दिली, पाणी मात्र दिलं नाही.

"पाणी विचारत नाही," ती म्हणाली. "गाळण्यातले दाणे दर चार महिन्यांनी बदलावे लागतात. नवे करता येत नाहीत, म्हणून आता घरात बोअरचंच आहे. तुझी बाटली असंल तर पी."

ओसरीवर रोशनीची आई बसली होती. कोण आलंय ते बघायला तिला मान वळवता आली नाही, तर तिने काठीच्या आधाराने अख्खं अंगच वळवलं. "नागपूरची मैत्रीण का वं?" तिने विचारलं.

सानिकाने कागद पुढे केला. फुकट परवाना, आयुष्यभर, एकही अट नाही, फक्त एक सही. सांगताना तिला स्वतःचाच आवाज परागसरांसारखा ऐकू यायला लागला.

रोशनीने कागद पूर्ण वाचला, मग पुन्हा वरून वाचला.

"फुकट देऊन राहिले," ती म्हणाली. "काय देऊन राहिले? माझंच मले?"

"रोशनी, मला कळतंय तुला काय वाटत असेल. पण आत्ता गावाचा विचार कर. भट्टी पेटली पाहिजे ना?"

"मले गाव तू शिकवू नको." तिने कागद मांडीवर ठेवला. "बुटीबोरीचा एक कारखानदार तयार होता. भला माणूस आहे. तो म्हणे, ताई, मोठी भट्टी घालतो, पूर्ण जिल्ह्याले दाणे पुरवू. पण पेटंट तुमचं पाहिजे. नाहीतर मी सगळं उभारीन आणि सहा महिन्यांत कोणीही नक्कल करून अर्ध्या किमतीत विकेल. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. त्याच्यासाठीच तर असते ना हे पेटंट. म्हणून मी अर्ज केला. तर उत्तर आलं, हे आधीच तुमच्या कंपनीनं शोधलेलं आहे." ती उठली. "आता मी लिहून दिलं की शोध तुझा, तर तो कारखानदार माझ्याकडे काहून येईल? आणि उद्या तुमची कंपनी कोणी विकत घेतली, त्यानं परवाना फाडला, तर मी कोणाच्या दारी जाऊ?"

रोशनीच्या मांडीवरून खाली पडलेला कागद सानिकाने उचलला.

"एक सांग मले," रोशनी म्हणाली. "दाणे भाजून झाले की भट्टी कधी उघडायची?"

"म्हणजे?"

"तुझा शोध ना? भाजल्यावर दाणे बाहेर कधी काढायचे? लगेच, दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी?"

सानिकाने मनातल्या मनात पेटंटच्या ओळी चाळल्या.

"लाल मुरमात कपाशीच्या पऱ्हाटीचा भुसा काहून घालतो आम्ही?"

"माझ्या... त्या कागदात भुसा नाही."

"नाहीच आहे," रोशनी म्हणाली, आणि इतका वेळ दाबून धरलेला तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "नाहीच आहे त्यात. त्यात काहीच नाही. तरी तो कागद माझ्या भट्टीवर बसला. ऊठ, निघ. बस आहे आत्ता."

आई ओसरीवरून म्हणाली, "जेवून जाऊ दे वं तिले." रोशनीने ऐकलं नाही.

पुण्याला परतताना सानिकाला आधी रोशनीचाच राग आला. एवढा काय ताठा? एक सही केली असती तर चाळीस गावांना पाणी मिळालं असतं. वर्धेपर्यंत तो राग टिकला. पुढे तो टिकवायला तिच्याजवळ काही उरलं नाही. कागदात काहीच नाही, हे खरं होतं की रोशनी संतापून बोलली होती? तिला ते माहीत नव्हतं, आणि तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला माहीत असायला हवं होतं?

तिने रजा टाकली. पाषाणला तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळणारी प्रयोगशाळा होती, तिथे जागा घेतली. बारा वर्षांनी अंगात पांढरा कोट घालताना तिला उगाच चोरी करत असल्यासारखं वाटलं. स्वतःच्या पेटंटमधली कृती तिने समोर ठेवली आणि ओळीने करत गेली. लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे क्षार विरघळवले, गाळ पाडला, धुतला, वाळवला, दाणे वळले, सांगितलेल्या तापमानाला भाजले.

त्यामागचं शास्त्र तिला येत होतं. भाजताना दाण्यातलं पाणी निघून जातं, आत बारीक बारीक पोकळ्या उरतात, आणि त्यांच्या भिंतींवरच्या ॲल्युमिनियमला फ्लोराइडचा कण चिकटून बसतो. पहिले दोन दिवस आकडे बघून ती हरखली. पाण्यातलं फ्लोराइड जवळजवळ नाहीसं झालं होतं. धांडोळ्याचं गणित चुकलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाण्यांच्या कडा विरघळायला लागल्या. आठवड्याच्या शेवटी भांड्याच्या तळाशी नुसता लगदा होता आणि पाण्यात ॲल्युमिनियम उतरलं होतं, फ्लोराइडइतकंच घातक ठरेल एवढं. तिने तापमान बदलून पुन्हा केलं. कागदात सांगितलेल्या दुसऱ्या धातूने केलं. लगदाच. धांडोळ्याच्या गणितातला स्फटिक कायम कोरडा होता. तो चार-चार महिने कुणाच्या घरच्या गाळण्यात भिजत पडला नव्हता. पऱ्हाटीचा भुसा आतून जळून वाटा का मोकळ्या करतो, भट्टी बंद ठेवून दाणा सावकाश निवला की तो का टिकतो, हे कळायला कुणीतरी नऊ वर्षं लगदे काढून फेकावे लागतात. ते यंत्राने केलं नव्हतं. तिने तर केलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने बाबांना फोन करून सगळं सांगितलं. चौकोन, अंगठा, रोशनी, लगदा.

बाबांनी मध्ये न अडवता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी पोरांना शिकवताना काय सांगायचो? शोध लागला की माणूस तो लपवून ठेवतो. त्यानं लपवू नये म्हणून सरकार त्याच्याशी करार करते. तू सगळ्या जगाला सांग, कसं करायचं ते उघड करून दाखव. बदल्यात वीस वर्षं आम्ही तुझ्या दारावर राखण करतो. असा करार आहे तो. म्हणून नवं काही होते, सानिका. नाहीतर प्रत्येक कारागीर आपली विद्या सोबत घेऊन मसणात गेला असता."

"कंपनीने तसं ठरवून..."

"कंपनीचं नंतर बोलू. तू जगाला काय सांगितलंस? लगदा? आणि राखण मागितलीस कशाची? दुसरीच्या भट्टीची? मी बँकेच्या रांगेत लोकांना थांबवून सांगत होतो, माय. तू मला एकदा तरी म्हणायचं होतं, बाबा, नका सांगू."

त्यांनी फोन ठेवला. ते रागावले की फोन आपटत, पण आज त्यांनी तो हळूच ठेवला होता. ते सानिकाला जास्त लागलं.

सकाळी तिने ते भांडं धुतलं नाही. तसंच पिशवीत घालून कंपनीत नेलं आणि पराग शिरोडकरांच्या टेबलावर ठेवलं.

"हा माझा शोध," ती म्हणाली. "झाकण उघडून बघा. वासही येतोय."

परागसरांनी भांडं एका बाजूला सरकवलं. "बस. पाणी घेतेस?"

"नको. कृती चालत नाही, सर. मी तीनदा केली."

"चालवून दाखवायचं काम आपलं नाहीच," ते शांतपणे म्हणाले. "हे बघ, धांडोळा नसता तर यातल्या निम्म्या वाटा कुणाला दिसल्यासुद्धा नसत्या. आपण नकाशा काढतो आणि नकाशाचा मोबदला घेतो. यात गैर काय आहे?"

"आपण नकाशा काढत नाही. लोक जिथून येणार तिथे आधीच जाऊन आडवे बसतो. आणि नाव माझं लावतो."

"नाव तू लावलंस." पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट रोखून पाहिलं. "प्रतिज्ञा कंपनीने केलेली नाही, सानिका. प्रत्येक वेळी अंगठा तुझा आहे. आत्राम बाईंचे वकील तुला साक्षीला बोलावतील. तिथे तू 'हा माझा शोध नाही' म्हणालीस, तर खोट्या शपथेचा गुन्हा तुझ्यावर येईल. आमच्यावर नाही. आम्ही तर फसवले गेलेलो असू. एवढं लक्षात ठेवून बोल."

सानिकाला आता उमगलं. इतकी वर्षं ज्याला ती सोपं काम समजत होती, ते सोपं नव्हतंच. तिच्या अंगठ्याची किंमत एवढ्यासाठीच होती, की पकडायची वेळ आली तर हात तिचा सापडावा.

"गुन्हा काय येऊन राहिला," ती म्हणाली, आणि पुण्यात बारा वर्षं जपलेली भाषा गळून पडली. "केलाच आहे नं मी. आता येऊ द्या."

भांडं तिथेच टाकून ती निघून आली.

नागपूरच्या कोर्टात मे महिन्यात तारीख लागली. रोशनीच्या बाजूने काझी नावाचे वयस्क वकील होते. त्यांनी साक्षीदाराला फार घोळवलं नाही.

"हे पेटंट तुमच्या नावावर आहे?"

"हो."

"हा शोध तुम्ही लावलात?"

"नाही."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीश बाईंनी मान वर केली आणि सानिकाला विचारलं, "तुम्ही काय बोलताय, आणि त्याचे परिणाम काय होतील, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे, मॅडम. कंपनीने आधीच सांगितलंय."

मग तिने सगळं सांगितलं. कृती करून पाहिली ते, दाणे विरघळले ते, पाण्यात ॲल्युमिनियम किती उतरलं ते. तपासणीचे निकाल काझींनी कोर्टापुढे ठेवले.

कंपनीचे वकील उलटतपासणीला उभे राहिले. त्यांनी सूर मऊ ठेवला होता. "लांजेवार मॅडम, तुम्ही रसायनशास्त्राच्या पदवीधर आहात. यंत्राने तीन पर्याय दिले आणि त्यांतला एक तुम्ही निवडला. हे खरं?"

"खरं."

"ही निवड तुम्ही तुमच्या ज्ञानाने केलीत. नियमाप्रमाणे तीच निर्णायक निवड. म्हणजे तुम्ही शोधक ठरता. आज मैत्रिणीसाठी तुम्ही ते नाकारताय, एवढंच."

"मी मधला चौकोन निवडला," सानिका म्हणाली.

"बरोबर. का निवडला?"

"बोटाजवळ होता."

कुणी हसलं नाही. वकिलांनी कागद चाळले आणि खाली बसले.

निकाल पावसाळा संपताना आला. पेटंट रद्द झालं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की ज्या कागदावरून जाणकारालाही वस्तू करता येत नाही, त्या कागदाने जगाला काही सांगितलेलं नाही, आणि ज्याने काही सांगितलं नाही तो राखण मागू शकत नाही. त्याच न्यायाने, असा कागद आधी छापला गेला म्हणून दुसऱ्याचा खरा शोध जुना ठरत नाही. रोशनीचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. शेवटच्या पानावर सानिकाविषयी होतं: खोट्या प्रतिज्ञेबद्दल तिच्यावर स्वतंत्र कारवाई व्हावी. कंपनीच्या हेतूविषयी या प्रकरणात पुरेसा पुरावा नव्हता.

'मेधाविनी'ने तिला केव्हाच काढलं होतं. निकालाच्या दिवशी त्यांनी छोटंसं निवेदन काढलं, की एका कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिकपणामुळे कंपनीला खेद होत आहे. एक पेटंट गेलं होतं, बाकीची जागच्या जागी होती. तिच्या जागी दुसरी कुणीतरी बसून हिरव्या चौकोनांवर बोट ठेवतही असेल.

कोर्टाच्या पायऱ्यांवर रोशनी भेटली. सोबत बुटीबोरीचे कारखानदार होते. ते जरा लांब जाऊन उभे राहिले.

"मले वाटलं होतं, तू बोलणार नाहीस," रोशनी म्हणाली.

"बोलले."

"बोललीस. पण भट्टी जवळजवळ वर्षभर बंद राहिली. मधल्या काळात पोरं तेच पाणी प्याली. दाण्यानं दात सुधरत नाहीत, सानिका. जे चढलं ते चढलं."

सानिकाने मान हलवली. माफी मागायचे शब्द तिने मनात जुळवून आणले होते, पण ते तोंडातून काढायला तिला लाज वाटली.

"मले माफीबिफी नको," रोशनीच म्हणाली. "मी रात्रंदिवस तुझ्या नावानं बोटं मोडली आहेत, ती काही एका साक्षीनं परत येत नाहीत. पण एक विचारते. नऊ हजार आहेत ना तुझ्या नावावर? माझ्यासारखे अजून किती जण आहेत?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे," रोशनी म्हणाली. कारखानदार वाट पाहत होते, त्यांच्याकडे ती चालू लागली. वळून पाहिलं नाही.

सानिका भंडाऱ्याला बाबांच्या घरी आली. बाबा तिच्याशी मोजकंच बोलत होते. जेवायला वाढत, वकिलांची तारीख विचारत, त्यापलीकडे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोर्टांच्या उघड नोंदींत स्वतःच्या नावाचे खटले शोधायला घेतले. दुपार झाली तरी संपेनात. कुठे ऊस गाळण्याच्या यंत्राचा भाग, कुठे गुरांच्या जखमेवरचं मलम, कुठे कापडाला मिठाशिवाय रंग बसवण्याची रीत. प्रत्येक ठिकाणी एक माणूस आडवा पाडलेला आणि त्याच्या छातीवर तिचं नाव.

बाबा मागे येऊन उभे राहिले. पडदा बघत राहिले. "हे सगळे?" त्यांनी विचारलं.

"हे सापडलेले. घाबरून आधीच बंद करून बसले असतील ते वेगळे."

ते शेजारची खुर्ची ओढून बसले.

कापडाच्या रंगाचा खटला इचलकरंजीचा होता. धनपाल चौगुले नावाच्या माणसाने रीत बसवली होती, आणि त्याची मनाईवरची सुनावणी चालू होती. त्याच्या वकिलाकडून सानिकाने नंबर मिळवला आणि लावला.

"कोन बोलतंय?"

"चौगुलेसाहेब, मी सानिका लांजेवार."

मग तो माणूस बोलायला लागला. आधी हळू, मग चढ्या आवाजात. त्याने तिचा उद्धार केला, तिच्या शिक्षणाचा केला, तिला जन्म देणाऱ्यांचा केला. रंगाच्या हौदात कापड बुडवून बुडवून त्याच्या बायकोच्या हाताची कातडी सोलवटली होती, आणि शोध म्हणे पुण्यात बसलेल्या बाईचा. फोनचा आवाज मोठा होता, बाबांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. सानिकाने फोन कानाशी धरून ठेवला. त्याने फोन आपटला.

तिने पुन्हा लावला. त्याने उचलला नाही. तिने पुन्हा लावला.

"काय पायजे तुमाला?" तो ओरडला.

"तुमची तारीख कधी आहे?"

"कशाला?"

"साक्षीला यायचंय," सानिका म्हणाली. "तुमच्या बाजूने. तो शोध माझा नाही."